उंबऱ्याखालची एकतीस नाणी

जीर्णोद्धार समितीने मजसारख्या माणसाला या स्मरणिकेत लेख लिहिण्यास सांगितले याचे प्रथम आश्चर्य वाटले. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत आणि नोकरी तहसील कचेरीत लिपिकाची. आयुष्य टिपण्या, नकला व पंचनामे लिहिण्यात गेले. परंतु आपल्या महादेवाच्या देवळाचा उंबरा काढला तेव्हा जी नाणी सापडली, त्यांचा पंचनामा माझ्याच हातून झाला, आणि त्यावरून गावात बरीच बोलणी झाली. ती हकिकत एकदा कागदावर यावी असे अण्णांनी सुचविले. म्हणून हा लेख. देवळाची आख्यायिका, उत्सव, देणगीदार यांविषयी अन्य मंडळी लिहितीलच. मी फक्त नाण्यांविषयी आणि त्यांवर पडलेल्या ॲसिडाविषयी लिहिणार आहे.

गेल्या मार्चमधील गोष्ट. मार्चअखेरची वसुली चालू असल्यामुळे मी कचेरीतच अडकलो होतो. इकडे गाभाऱ्याचा जुना दगडी उंबरा पहारीने हलविला, तो खालच्या चुन्याच्या भरावात चिकटलेली नाणी निघाली. मोजून एकतीस. एकोणतीस तांब्याची व दोन चांदीची. नाणी कसली, हिरव्या-पांढऱ्या खड्यांसारखी ढेकळेच ती. कामावरच्या उत्साही पोरांना वाटले, देवाचे धन आहे, स्वच्छ करून पाटावर मांडू, आरतीला सर्वांना दर्शन होईल. हेतू चांगलाच होता. फरशी बसविणाऱ्या कारागिरांजवळ फरशी धुण्याच्या ॲसिडाची बाटली होती. बादलीत ते ओतले आणि हाती लागलेली वीस नाणी त्यात सोडली. उरलेली अकरा गुरवांच्या आजीने पदराच्या गाठीत बांधून घरी नेली होती, म्हणून ती वाचली. मी रात्री आठला पोहोचलो तेव्हा पाटावर वीस चकत्या ओळीने मांडलेल्या होत्या. पेरूच्या आतल्या गरासारख्या गुलाबी, लखलखीत. हळद-कुंकू वाहिलेले. एकीवरही अक्षर नव्हते.

"बघ भाऊ, कशी निघाली!" असे एकजण कौतुकाने म्हणाला. मला काय बोलावे ते सुचेना. कारण हे पाप मी स्वतः लहानपणी केलेले आहे.

आमच्या आजीजवळ एक राणीछाप रुपया होता. लक्ष्मीपूजनाला तो ताम्हनात ठेवीत. वर्षानुवर्षे काळा पडलेला. मी नववीत होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत शोऱ्याचे तेजाब, म्हणजे नायट्रिक ॲसिड, असे. ते थोडे औषधाच्या बाटलीत चोरून आणले आणि वाटीत रुपया ठेवून त्यावर ओतले. क्षणात तपकिरी धूर निघाला, रुपया उकळल्यासारखा फसफसला, ॲसिड निळसर हिरवे झाले. ते हिरवे पाणी म्हणजे रुपयातले तांबे, हे पुढे दहावीत कळले. त्या काळच्या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी व एक भाग तांबे असे. रुपया बाहेर काढला तो पांढरा शुभ्र, पण राणीचे नाक, ओठ, मुकुट सारे सपाट. सन तर पूर्ण गेले. आजीने बोट फिरवून पाहिले आणि म्हणाली, "राणी गेली रे. वजनाला तरी भरतोय का बघ." सोनाराकडे नेला. रुपया मूळचा बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. तो दीड मासा कमी भरला. पुढे आजी असेपर्यंत तोच सपाट रुपया पूजेत राहिला. तिने मला एकदाही बोल लावला नाही, पण प्रत्येक लक्ष्मीपूजनाला मी तो पाहत असे.

असो. आता मूळ मुद्दा. घरोघरच्या माताभगिनींना तांब्याविषयी मी काय सांगावे? ताक तांब्याच्या भांड्यात ठेवले तर कळकते, कल्हई नसलेल्या पातेल्यात आमटी बिघडते, देवाची उपकरणी चिंचेने किंवा लिंबू-मिठाने उजळतात, हे त्या जाणतातच. या दोन्ही गोष्टींमागचे कारण एकच. आंबट पदार्थ तांबे व त्यावरचा थर विरघळवितो. ताकात उतरते ते तांबे, आणि चिंचेच्या कोळात उतरतो तोही तांब्याचाच थर. तांब्या जाड असतो, वर्षातून पन्नास वेळा घासला तरी तो नातवापर्यंत टिकतो. नाण्यावरील अक्षराची उंची मात्र अर्ध्या मिलिमीटरचीसुद्धा नसते. ते किती चिंच सोसणार?

यापेक्षाही महत्त्वाची गोष्ट मला या प्रकरणात समजली. पुढे एका जाणकार गृहस्थांना आपली नाणी दाखविली तेव्हा त्यांनी ती नीट समजावून दिली. जमिनीत शे-दीडशे वर्षे पडलेल्या तांब्याच्या नाण्याचा वरचा भाग हळूहळू तांबे राहतच नाही. हवा, ओल आणि मातीतले क्षार यांनी त्याचे आधी तांबडे ऑक्साइड व मग हिरवे कार्बोनेट बनते. आपण ज्याला कळंक म्हणतो तोच हा. पण हा बदल इतका सावकाश होतो की अक्षराचा आकार त्या कळंकातच जसाच्या तसा राहून जातो. लाकूड जळून कोळसा झाले तरी त्यावरच्या गाठी-रेषा ओळखू येतात, तसेच काहीसे. म्हणजे आपल्या नाण्यांवरची अक्षरे तांब्यात नव्हतीच. ती त्या हिरव्या थरात होती, ज्याला आपण घाण समजलो. ॲसिडाने तो थर दोन मिनिटांत धुऊन नेला आणि खाली जे खरवडलेले तांबे उरले, त्यावर टांकसाळीच्या ठशाची खूणही नव्हती.

आणि एवढ्यावर भागत नाही. फरशी धुण्याचे ॲसिड हे मिठाचे तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक ॲसिड. त्यातला क्लोरिन तांब्याच्या बारीक छिद्रांत क्लोराइडच्या रूपाने बसून राहतो. नाणे वरून धुतले, पुसले तरी तो निघत नाही. पावसाळ्यात हवा दमट झाली की हे क्लोराइड ओल व हवा घेऊन पुन्हा ॲसिड तयार करते, ते ॲसिड पुन्हा तांबे खाते, आणि हा प्रकार चालूच राहतो. नाण्यावर पोपटी रंगाची पूड येते, झटकली तर खाली खड्डा दिसतो. दमट जागी एका नाण्याची पूड दुसऱ्यावर पडली तर त्यालाही त्रास होतो, म्हणून जाणकार याला नाण्यांचा रोगच म्हणतात. आपल्या वीस नाण्यांची पुडी जुलै महिन्यात तपासणीसाठी माझ्यासमोर उघडली, तेव्हा सात नाण्यांवर ही पूड आलेली होती. आजीच्या पदरातील अकरा मात्र होती तशीच होती.

चांदीचे थोडे निराळे. चांदी काळी पडते ती हवेतील गंधकाच्या वायूने. चुलीच्या, कोळशाच्या धुरात तो असतो, अंड्यात असतो, रबरात असतो. जुने रुपये रबर बँड लावून ठेवले तर रबराखाली काळा पट्टा उमटतो, तो याचमुळे. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘क्षरण’ या नावाने हे सर्व दिलेले आहे, पण परीक्षेपुरते पाठ करून आपण विसरतो. हा काळा थर पातळ असतो आणि एका अर्थी नाण्याला झाकून ठेवतो. जमिनीत मात्र मिठाच्या संगतीने चांदीचा वरचा थर करड्या, मेणासारख्या मऊ पदार्थात बदलतो. शिवाय चांदीत तांब्याची भेसळ असेल तर तांबे आधी बाहेर येते, म्हणून जमिनीतून निघालेला रुपया कित्येकदा हिरवा दिसतो आणि लोकांना तो तांब्याचाच वाटतो. बादलीत पडलेला आपला चांदीचा रुपया बाहेर काढला तेव्हा त्यावर पांढुरकी साय आली होती, ती उजेडात चार दिवसांत जांभळट काळी झाली. दुसरा, पदरातला, काळाच आहे, पण त्यावरील फारसी अक्षरांचे काही भाग वाचता येतात. तो चांदवडी रुपया असावा असे मत पडले. चांदवडला टांकसाळ होती आणि तिचे रुपये आपल्या भागात सर्रास चालत, हे वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातही येत असे.

कोणी म्हणेल, दोन-चार झिजक्या पैशांचे एवढे काय घेऊन बसलात? त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातील जोगलटेंभीची गोष्ट सांगतो. गोदाकाठच्या या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजार दोनशे पन्नासच्या वर नाणी रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी तपासली आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन छापले. नाणी क्षहरात क्षत्रप नहपान याची. अंगठ्याच्या नखाएवढी, वजनाला जेमतेम दोन ग्रॅम. एका बाजूस राजाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस बाण व वज्र आणि ब्राह्मी-खरोष्ठीत नाव. परंतु त्यांपैकी ९,२७० नाण्यांवर दुसऱ्याच राजाचा ठसा पुन्हा मारलेला होता. एका बाजूस तीन कमानींची टेकडी आणि गौतमीपुत्र सातकर्णीचे नाव, दुसऱ्या बाजूस उज्जैनचे म्हणून ओळखले जाणारे चिन्ह.

पांडवलेण्यातील तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपल्या मुलाने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला असे तीत म्हटले आहे. मुलाची थोरवी आई सांगणारच, असे कोणी म्हटले असते. पण जोगलटेंभीच्या नाण्यांनी साक्ष दिली. हरलेल्या राजाचे नाणे वितळवून टाकण्याऐवजी जिंकलेल्याने त्यावरच आपला ठसा मारला आणि ते चालू ठेवले. टेकडीच्या कडेने नहपानाचे नाक डोकावते, नव्या अक्षरांच्या खाली जुन्या अक्षराची वेलांटी दिसते, म्हणून तर हे कळले. आता विचार करा. अशा नाण्यावर सर्वांत उथळ, सर्वांत पुसट काय असेल? खाली दबलेला पहिला ठसा. तेजाबात नाणे घातले तर सर्वांत आधी तोच जाईल. वरची टेकडी कदाचित राहील, आणि मग ते नाणे एकाच राजाचे म्हणून वाचले जाईल.

याच पांडवलेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचे दानलेख आहेत. देवांना व ब्राह्मणांना सत्तर हजार कार्षापण दिल्याचे, पस्तीस कार्षापणांचा एक सुवर्ण या भावाने ते दोन हजार सुवर्ण होतात असा हिशेब, शिवाय विणकरांच्या श्रेणीत दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने आणि दुसऱ्या श्रेणीत एक हजार पाऊण टक्क्याने ठेवल्याची नोंद. कचेरीतल्या माणसाला हा लेख वाचून फार समाधान वाटते. इतकी स्वच्छ ठेव-पावती हल्लीसुद्धा मिळत नाही. हे कार्षापण म्हणजे नहपानाचीच ती चांदीची नाणी असे अभ्यासक मानतात. दगडावरचा हिशेब आणि जमिनीतले नाणे एकमेकांशी ताडून पाहता येते, ते नाण्यावरचे नाव शिल्लक असते तोवरच.

तेजाबाचा उपयोग लोकांनी लबाडीसाठीही केला आहे, हे येथे सांगितले पाहिजे. नाण्याची कड कातरून चांदी चोरण्याची युक्ती जुनी. तिला आळा बसावा म्हणून नाण्यांच्या कडेला रेघा पाडू लागले. परंतु तेजाबात बुडविले तर नाणे सर्व बाजूंनी सारखे झिजते, रेघाही राहतात आणि चांदी तेजाबात उतरते. सोन्याला साधे तेजाब चालत नाही, त्याला आम्लराज लागते. असले नाणे पकडायचे तर वजन आणि आवाज. पूर्वी सरकारी खजिन्यात पोतदार असे, तो नाणे दगडावर वाजवून पारखी. आतून पोखरलेले नाणे बद्द वाजते. झिजलेल्या नाण्याला सराफ बट्टा लावीत. आज आपण नावाला बट्टा लागला म्हणतो, तो शब्द या बाजारातला आहे.

आपल्या लहानपणची पाच-दहा पैशांची ॲल्युमिनियमची नाणी आठवा. त्यांचा शत्रू आणखी निराळा. ॲल्युमिनियमला चुना आणि सोडा सोसत नाही. नव्या सभामंडपाच्या जुन्या भिंतीत कोणी कधीतरी चुन्यात दाबलेले एक पाच पैशांचे नाणे निघाले, ते पांढऱ्या खरजेसारखे झाले होते. हल्लीची नाणी पोलादाची, ती गंजायला वेळ लागतो. रामकुंडावर वाहिलेला रुपया मात्र पोरे दोरीला लोहचुंबक बांधून वर काढतात.

आता पंचनाम्याविषयी, कारण माझ्यावरचा राग खरा तेथला आहे. सन १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम आहे. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास सापडणाऱ्याने ते काय, किती, कोठे व कोणत्या तारखेस सापडले हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावयाचे आणि धन जवळच्या सरकारी खजिन्यात जमा करावयाचे किंवा हजर करण्याविषयी जामीन द्यावयाचा. न कळविल्यास सापडणाऱ्याचा हिस्सा जातो आणि शिक्षाही होते. काही मंडळींचे म्हणणे होते की नाणी देवाची आहेत, ती नव्या उंबऱ्याखाली पुन्हा ठेवावीत, कचेरीला कळविण्याचे कारण नाही. "आपलाच माणूस आपल्याच देवळावर पंचनामा करतो," असे पारावर बोलले गेले. माझ्या चुलत्यांनी महिनाभर माझ्याशी बोलणे टाकले. मला वाईट वाटले, परंतु न लिहिता गत्यंतर नव्हते. मी लिहिले: "तांब्याची व चांदीची जुनी नाणी एकूण ३१. पैकी २० रासायनिक द्रव्याने झिजलेली, अक्षरे नष्ट." हे वाक्य लिहिताना हात अडखळला. पोरांची नावे पंचनाम्यात घातली नाहीत, येथेही घालत नाही.

नाण्यांची अक्षरे गेल्याने नेमके काय गेले ते सांगतो. आपल्या देवळाचा पहिला जीर्णोद्धार पेशवाईत झाला असे गावात परंपरेने सांगतात आणि नव्या कोनशिलेवर तसे कोरावे असा ठराव होता. पदरातील अकरांपैकी दहा तांब्याची. त्यांत सात शिवराई, एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. पैकी चार दुदांडी, म्हणजे अक्षरांमध्ये दोन आडव्या रेघा असलेल्या, ज्या उत्तर पेशवाईतल्या समजतात. दोन वाचता येत नाहीत. दहावे नाणे ईस्ट इंडिया कंपनीचा पाव आणा, सन १८३५. पेशवाई १८१८ साली संपली. तेव्हा उंबरा १८३५ च्या आधी बसविलेला असूच शकत नाही. शिवराई पुढेही बरीच वर्षे बाजारात चालत होती, म्हणून दोन्ही एकत्र मिळण्यात नवल नाही.

पण १८३५ नंतर किती वर्षांनी? येथे गाडी अडते. बादलीतल्या एकोणीस तांब्याच्या चकत्यांपैकी तीन गोल, सुबक कडेच्या आहेत, आणि झीज धरता वजनाने पाव आण्याच्याच ठरतात. मूळ वजन साडेसहा ग्रॅमच्या आतबाहेर. पाव आणा कंपनीने १८५८ सालीही काढला, आणि १८६२ पासून राणीच्या मुखवट्याचा निघाला, सर्व एकाच वजनाचे. त्या तीन चकत्यांवर १८३५ होते, १८५८ होते की राणी होती, हे आता कोणालाही सांगता येणार नाही. एकीवर उन्हात तिरपी धरली तर माळेसारखे काही दिसते असे मला वाटते. जाणकारांना तसे वाटले नाही.

ज्यांच्या देवघरात, पेटाऱ्यात जुनी नाणी असतील त्यांनी ती चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट वा तेजाब यांपैकी कशानेही घासू नयेत. सुती कापडात किंवा कागदाच्या पाकिटात कोरड्या जागी एकेक वेगळे ठेवावे. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात नको, त्यातून आम्ल सुटते व तांब्यावर हिरवा चिकटा येतो. नाणे वाचावयाचे असेल तर तिरप्या उन्हात धरून फोटो घ्यावा, पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. आपल्या जिल्ह्यात अंजनेरीला १९८० साली नाण्यांच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली आणि संग्रहालय उभे राहिले. तेथे मी नाणी पाहिली तेव्हा कित्येक काळी-हिरवी तशीच ठेवलेली होती, चकाकणारी फार थोडी. तेव्हा मला नवल वाटले होते.

ठरावाप्रमाणे कोनशिलेवर पेशवाईचा उल्लेख केलेला नाही. चुलत्यांना अकरा नाण्यांचा फोटो मी घरी नेऊन दाखविला. १८३५ चा आकडा भिंगातून दोनदा पाहून ते म्हणाले, "मग आमच्या आज्याच्या आज्याने बसवला म्हण की उंबरा." तेव्हापासून बोलणे सुरू आहे.

सर्व नाण्यांचे छायाचित्र या लेखासोबत दिले आहे. वरच्या ओळीत अकरा, खालच्या दोन ओळींत वीस. पाव आण्याच्या तीन चकत्या शेवटच्या ओळीत उजवीकडे आहेत. गावातील ज्या घरांत देवळाच्या खर्चाचे जुने कागद, मोडी असले तरी, वही, वर्गणीची यादी, गवंड्याची पावती असे काही असेल, त्यांनी ते मला दाखवावे ही विनंती. मोडी वाचणारे गृहस्थ कचेरीच्या ओळखीचे आहेत. कागद घरातून नेणार नाही, ओसरीवर बसून उतरून घेईन.